ओळख पटेपर्यंत

मासेमारी करणाऱ्या ताउनोंनी मेलेली सील ताडपत्रीत गुंडाळून आमच्या संशोधन केंद्रात आणली, तेव्हा त्यांच्या बाह्यांतून सायमा तळ्याचं पाणी अजून गळत होतं. जाळ्यांवरची उन्हाळी बंदी उठून आठवडाही झाला नव्हता. सकाळी जाळं ओढलं तर त्यात माशांऐवजी ही. श्वास घ्यायला वर येता आलं नाही, म्हणून गुदमरलेली.

केंद्रात मी एकटीच होते. मी इथले संगणक सांभाळते; सील ओळखणारे दोघेही सुट्टीवर होते. ताउनोंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की ही 'बाईसाहेब' आहे की दुसरी कोणी. त्यांच्या घरासमोरच्या खडकावर दर वसंतात एक मादी ऊन खात पडायची. त्यांच्या पत्नी हेल्वी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. खिडकीतून त्या सीलला बघण्यात हेल्वींचा दिवस सरायचा. नावही त्यांनीच ठेवलेलं.

प्रत्येक सीलच्या अंगावरची वलयं वेगळी असतात. आमचा एक जुना प्रोग्राम ती वलयं संग्रहातल्या फोटोंशी ताडून बघतो. पण संगणक नुकताच बदलला होता, आणि नव्या लिनक्सवर तो प्रोग्राम अजून कंपाइल, म्हणजे मूळ कोडमधून नव्यानं तयार, करायचा होता. मी सीलच्या दोन्ही कुशींचे फोटो काढले, ताउनोंना कॉफी दिली आणि कामाला बसले.

कंपाइलर सुरुवातीलाच अडला. फोटो वाचणाऱ्या लायब्ररीची हेडर फाइल त्याला मिळेना.

"सापडत नाही," मी पुटपुटले.

ताउनो उठून उभे राहिले. "म्हणजे ती नाही?"

"तसं नाही हो. फाइल सापडत नाहीये. फोटोपर्यंत मी पोचलेच नाही अजून."

ते परत बसले. लायब्ररी तर होती. पण तिच्यात काय काय आहे हे कंपाइलरला सांगणाऱ्या हेडर फाइल्स वेगळ्या पॅकेजमध्ये येतात, आणि ते मी टाकलंच नव्हतं. टाकलं. पुन्हा तीच तक्रार. मी नकारार्थी मान हलवली, तशी ताउनोंना जरा उभारी आली. ते बोलायला लागले. बाईसाहेब हिच्यापेक्षा मोठी आहे, जाळ्यात सापडण्याइतकी बावळट नाही, आणि या दिवसांत तर ती तिकडे दक्षिणेकडच्या बेटांवर असते. मी हूं हूं करत फाइल शोधत होते. सगळ्या डिस्कवर नावानं शोध लावला, तेव्हा दिसली. होती नेहमीच्या जागीच, पण आणखी एका फोल्डरच्या आत, आणि तिथं कंपाइलर आपणहून डोकावत नाही. त्याला वाट सांगावी लागते.

वाट लिहिली आणि माझा हात थांबला. उद्या बघू, असं म्हणावंसं वाटलं.

"मिळाली?" ताउनोंनी विचारलं.

"फाइल मिळाली."

"मग चालव, पोरी."

प्रोग्राम तयार झाला. त्यानं डाव्या कुशीशी एक फोटो जुळवला, मग आणखी काही. पहिला फोटो काचेआडून काढलेला होता, खाली पाठवणाऱ्याचं नाव हेल्वी. मी पडदा ताउनोंकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, बराच वेळ बघत राहिले.

"मला लहान वाटली," ते म्हणाले. "पाण्याबाहेर लहान दिसतात वाटतं."

एकट्यानं घरी जायची त्यांची हिंमत होईना, म्हणून मीही गेले. किनाऱ्यावर मेलेली सापडली असं सांगायचं, असं वाटेत ठरलं. पण हेल्वींनी आमची तोंडं पाहिली आणि विचारलं, "जाळं कुणाचं होतं?"

"माझं," ताउनो म्हणाले.

हेल्वींनी भिंतीकडे कूस वळवली. जरा वेळानं ताउनो म्हणाले, आता तळ्यावर पाऊल टाकणार नाही.

"मग खायचं काय आपण?" हेल्वींनी तोंड न वळवताच विचारलं.

मी दार हलकेच ओढून घेतलं.

सगळी जाळी ताउनोंनी पुढे जाळून टाकली. हल्ली गळ टाकून बसतात. मासे फार मिळत नाहीत.