सिनेमातला हत्ती बोललाच नाही

मी ‘सात दारांचा डोंगर’ या पुस्तकमालिकेचा पहिला भाग बोलतोय. पाच भावंडांतला थोरला. धाकटे चौघे अजून कोरे करकरीत दिसतात, कारण वाचणारे आधी माझ्यावरच तुटून पडतात. माझा पुठ्ठा सुटलाय, पानांचे कोपरे दुमडलेत, एका पानावर तर अख्खा चहा सांडलाय. त्याचं मला काही नाही. दुःख वेगळंच आहे आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

देगलूरला साड्यांचं दुकान चालवणाऱ्या ईश्वरप्पांनी मला एका पुस्तक प्रदर्शनात उचललं. माणूस भलता बोलका! गिऱ्हाईक मराठी असो, तेलुगू असो की कानडी, अप्पा त्याच्या भाषेत सुरू. साडी घ्यायची नसलेली बाईसुद्धा त्यांच्या बोलण्यात अडकून तासभर बसायची आणि दोन घेऊन जायची.

दुपारी दुकान सामसूम झालं की गादीवर लोडाला टेकून ते लेकीला, मंजुश्रीला, मला वाचून दाखवायचे. माझ्यातल्या डोंगराच्या पहिल्या दारावर एक दगडी हत्ती पहाऱ्याला असतो. शेकडो वर्षं तो गप्प. पण एक पोरका मुलगा दाराशी येतो, तेव्हा हत्ती डोळे उघडतो आणि बोलतो. छापलंय असं, ‘कोण आहेस तू? इथे का आलास?’ अप्पा तसं वाचतील तर शपथ! नाकातून आवाज काढून ते म्हणायचे, “कोण हायस रे तू? हितं काय करून राहिलास? कूर्चो!” कूर्चो म्हणजे तेलुगूत ‘बस’. मंजुश्री हसून हसून गादीवर लोळायची.

तिला वाटायचं, पुस्तकात असंच लिहिलंय. शाळेत तिनं ही गोष्ट सांगितली, बाईंनी मला उघडून पाहिलं आणि वर्ग हसला. ती फणफणत दुकानात आली. “अप्पा, कूर्चो तर कुठंच न्हाई यात!”

“छापणाऱ्यानं गाळलं असंल,” अप्पा शांतपणे म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला माझ्या लेखकाच्या हत्तीपेक्षा अप्पांचाच हत्ती आवडायचा.

मंजुश्री मोठी झाली, नांदेडला बँकेत लागली. आम्ही पाचही भावंडं तिच्यासोबत आलो. तिथं तिला माझ्या वाचकांचा एक कंपू भेटला. ही मंडळी म्हणजे अजब. माझ्यावर सिनेमा निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली आणि निघतोय म्हटल्यावर तीच धास्तावलेली. पोरग्याच्या भूमिकेत कोण, तलवार कसली, डोंगराचा रंग कुठला, नुसती भांडणं. हत्तीचा आवाज कुणाचा, यावर तर दोघांनी महिनाभर अबोला धरला.

त्याच वर्षी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र ओठांवर यायचा नाही. दुकान मंजुश्रीच्या आईनं सांभाळलं आणि मंजुश्रीनं अप्पांना उपचारासाठी नांदेडला आणलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “त्यांना आवडतं, तोंडपाठ आहे, असं काहीतरी म्हणवून घ्या.”

मंजुश्रीनं मला काढलं. रोज बँकेतून आली की ती वाचायची, “हत्तीनं डोळे उघडले आणि तो म्हणाला...” आणि थांबायची. अप्पांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. “को... को...” घाम फुटायचा. एका संध्याकाळी स्पष्ट आलं, “कोण!” मंजुश्री मला छातीशी धरून रडली. काही दिवसांनी “कोण हा...” पर्यंत गाडी आली.

“अप्पा, आता सिनेमा येऊन राहिलाय,” ती म्हणाली. “त्यातल्या हत्तीच्या आधी तुम्ही बोलायचं. ठरलं?” अप्पांनी तिच्या हातावर टाळी दिली. किती दिवसांनी हसले होते ते!

पहिल्या खेळाला सगळा कंपू आपापली पुस्तकं घेऊन आला. तशी त्यांची रीतच. अप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि मला मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर पोरगं दाराशी आलं. दगडी हत्तीनं डोळे उघडले. अप्पांची बोटं माझ्यात रुतली. “को... कोण...”

आणि हत्ती किंचाळला. बोलला नाही, नुसता सोंड वर करून किंचाळला. धुरळा उडाला, पोरगं त्याच्या पायांतून पळालं, शिट्ट्या पडल्या. हत्ती पुन्हा आलाच नाही. अप्पांचं तोंड कितीतरी वेळ उघडंच राहिलं होतं.

बाहेर कंपू नुसता पेटला होता. आलोक नावाचा मंजुश्रीचा मित्र तावातावानं ओरडत होता, “अरे, हत्ती मुका करून टाकला राव! न बोलणारा हत्ती काय कामाचा? काढूनच टाकायचा ना मग!”

त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्यावरच्या मायेनंच बोलत होता तो. मंजुश्रीनं त्याचा दंड दाबला तेव्हा त्याला कळलं. “काका, मी सिनेमाचं म्हणत होतो...” अप्पांनी मान हलवली आणि ते हळूहळू रिक्षाकडं चालू लागले.

बदल केले म्हणून माझा त्या सिनेमावर राग नाही. बदल अप्पांनीही केले होते. पण त्यांनी माझा हत्ती गावातला केला, आणि यांनी त्याचं बोलणंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीनं वाचलं, “हत्तीनं डोळे उघडले आणि तो म्हणाला...” अप्पांनी मला तिच्या हातातून घेतलं, मिटलं आणि टेबलावर ठेवलं. तेव्हापासून रोज हेच चाललंय. बाई रागावल्या, आलोक येऊन पाया पडला, अप्पा ओठ उघडत नाहीत.

काल देगलूरहून आईचा फोन आला. “बोलतेत का गं आता?”

मंजुश्री अप्पांकडं पाठ करून म्हणाली, “हाव आई, बोलतेत. आज तर माझं नाव घेतलं.”

“खरंच?” आई तिकडं रडायला लागली. अप्पांनी सगळं ऐकलं. ते उठले आणि भिंतीकडं तोंड करून पलंगावर पडले.

अप्पा, मी इथं टेबलावरच आहे. वाचू नका मला, नका उघडू. पण माझ्या हत्तीचं ज्यांनी वाटोळं केलं, त्या सिनेमावाल्यांना एक सणसणीत शिवी तरी घाला. तेलुगूत घाला, कानडीत घाला. लेक शेजारच्या खोलीतच आहे, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं घाला.