फर्डिनंडचं रक्त आणि एकनाथशेठची गादी

मी एक जुनी काचेची नळी आहे. माणसाच्या रक्तातलं सत्य सांगण्यासाठी माझा जन्म झाला. सांगते म्हणजे काय, तर माझ्यात रक्त भरून मला तासभर उभी करतात आणि लाल गाळ किती खाली बसला ते बघतात. अंगात कुठे आग, सूज असली की तो भराभर बसतो. याहून जास्त अक्कल मला नाही.

मित्रांनो, एकोणीसशे बावन्न साली मी वसईला डॉक्टर निकोलस यांच्या दवाखान्यात होते. व्यायाम करणाऱ्याचं रक्त शांत असतं आणि बसून खाणाऱ्याचं धुमसतं, हे डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्यांनी दोन माणसं निवडली. एक वसईजवळच्या उमेळे गावचा हुतूतूपटू फर्डिनंड, दुसरे दुकानाच्या गादीवरून सहसा न उठणारे एकनाथशेठ. फर्डिनंडचं रक्त माझ्यात भरलं, शेठचं माझ्या बहिणीत, आणि दोघींवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

तासाभराने शेठचं रक्त जेमतेम हललं होतं. माझ्यातलं निम्म्याच्या खाली गेलं होतं.

डॉक्टरांनी फर्डिनंडच्या दंडाकडे पाहिलं, मग शेठच्या पोटाकडे.

"चिठ्ठ्या उलट्या लागल्यात," ते म्हणाले.

"पुन्हा काढून बघा ना, डॉक्टर," फर्डिनंडची आई इनेझ म्हणाली. "आधी याचा घसा धरला, आता गुडघे सुजलेत. झोपेत कण्हतो."

"आई, गप गं! सणाची मॅच तोंडावर आलीय. आता रक्त दिलं तर पकड ढिली पडेल." उमेळ्याच्या संघात सगळेच तसं मानत. "आणि खेळणाऱ्याचे गुडघे दुखायचेच. शेठचे दुखतात का विचार!"

"माझे कशाला दुखतील? मी त्यांना कधी कामच सांगितलं नाही," शेठ म्हणाले.

सगळे हसले. इनेझ हसली नाही. डॉक्टरांनी हसत हसतच चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. शेठना अंथरुणात पडून राहायचा हुकूम झाला, फर्डिनंडला शाबासकी मिळाली. मला दोन्ही टोकांना तोंड आहे, पण बोलता येत नाही.

फर्डिनंडने मॅच जिंकून दिली. पोरांनी त्याला खांद्यावरून चर्चपर्यंत नेलं. खाली उतरवलं तेव्हा त्याला उभं राहवेना.

"गुडघ्यातली आग हृदयात गेली," नंतर डॉक्टर इनेझला म्हणाले. "तेव्हा झोपवून ठेवला असता तर..." मला त्यांनी धुऊन, पुसून कपाटात ठेवलं. तिथेच आहे.

मित्रांनो, माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल. पण कुणाची आई 'पुन्हा बघा' म्हणाली, तर पुन्हा बघा.

फर्डिनंडच्या मयताला एकनाथशेठ अंथरुणातून उठून उमेळ्यापर्यंत चालत गेले. त्यांना धापसुद्धा लागली नाही.