ऊब माझी, धूर शेजाऱ्याचा

मित्रांनो, जवळ या, हात शेका, असं मी आजवर प्रत्येकाला म्हणत आले. तुम्ही मात्र जरा लांबच बसा. मी चिले देशाच्या पार दक्षिणेला, कोयाइके शहरात राहणारी, लाकडावर पेटणारी जुनी शेगडी आहे. चार आखूड पाय, पोटाला दार, डोक्यावर किटली आणि पाठीतून छपराबाहेर गेलेलं धुराडं, एवढाच माझा देह.

एका ओतशाळेत तापलेलं लोखंड साच्यात ओतलं आणि मी जन्मले. एल्सिराबाई नवी नवरी होऊन या घरात आली, तिच्या मागोमाग मीही आले. तिच्या मुलांचे ओले मोजे मी वाळवले. तिचा पाव असा खरपूस भाजला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मुलं पांगली, नवरा गेला, पण मी तिथेच होते. किटली ठेवता ठेवता ती गुणगुणे,

काळ्या गं लोखंडी, तुझ्या पोटात गं ऊन
दारी साचे हिम, घर निघे उबेत न्हाऊन

कौतुक कुणाला आवडत नाही? मीही फुलून जाई, लालेलाल होई.

आमच्याकडे एक रीत आहे. दिवस मावळला की शेगडीत जाडजूड ओलं लाकूड घालायचं आणि हवेची झडप घट्ट लावायची. मग आग धड जळत नाही, धड विझत नाही. लाकूड सकाळपर्यंत पुरतं. याला सगळे काटकसर म्हणतात. पण घुसमटलेल्या आगीचा धूर फार दाट असतो, मित्रांनो. चहूकडे डोंगर, मध्ये वाटीसारखं आमचं शहर. हिवाळ्यात वारा हलत नाही, धूर वर चढत नाही. माझा धूर उतरे शेजारच्या छपरावर आणि फळ्यांच्या फटींतून आत शिरे.

त्या घरात एरास्मो राहतो. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याचा जन्म गेला. थंडी वाढली की त्याची छाती आवळून येई. मग तो छाती चोळत आमच्याकडे येई.

"शेजारीणबाई, छातीवर मेंढा बसलाय बघ. गारठा भरला आतमध्ये."

"मग लांब काय बसलायस पाहुण्यासारखा? सरक पुढे! जन्मभर लोकर काढलीस, स्वतःच्या अंगावर बोटभर ठेवली नाहीस."

असं म्हणून ती माझं दार उघडे आणि आणखी एक ओलं लाकूड कोंबे. भपकन धूर बाहेर येई. एरास्मो खोके, डोळे पुशी आणि वर मलाच म्हणे, "ही म्हातारी नसती तर मी कधीच गेलो असतो."

मला तेव्हा फुटून जावंसं वाटे. छाती दुखली की तो माझ्याकडे येई, आणि माझ्याकडे आला की छाती आणखी दुखे. मला तोंड असतं तर ओरडले असते, ऊठ रे बाबा, पळ! पण मला होतं फक्त धुराडं.

एका सकाळी दोघं कडू माते, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा गरम काढा, पीत बसली होती. मातेचा तुंबा एरास्मोच्या हातून गळून पडला. कपाळावर घाम, ओठ निळे. एल्सिराबाई अनवाणी रस्त्यावर धावली, गाडी थांबवली, त्याला दवाखान्यात नेलं.

एरास्मो वाचला. घरी आल्यावर तो पुन्हा माझ्याकडे खुर्ची ओढू लागला, तेव्हा तिने ती मागे खेचली.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाली विसरलास? गारठा नव्हता तो. धुरातली बारीक राख श्वासातून रक्तात जाते, हृदयाच्या नळ्या खराब करते."

"मी तर विडीसुद्धा ओढत नाही गं."

"माझं धुराडं ओढतोस ना रोज!" तिचा आवाज चिरकला. "नगरपालिकेचा माणूस जुन्या शेगड्यांच्या बदल्यात विजेच्या द्यायला आला होता. मीच त्याला हाकललं. आता बोलावलंय."

"एवढा हिवाळा जाऊ दे की. जुनी सखी आहे तुझी."

"आणि एवढा हिवाळा तुला निघाला नाही तर? मग भांडू कुणाशी, त्या विजेच्या डब्याशी?"

तिने पदराशी चाळा करावा तसा एप्रन चुरगळला आणि माझ्याकडे पाठ केली. माझ्यावर रागावली नाही, हेच मला जास्त लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरची ऊब, तुमच्या गाडीचा वेग, तुमच्या अंगणातला जळता कचरा, यांचा धूर कुणाच्या छातीत जातो ते एकदा पाहा. आग पेटवावीच लागली तर सुकं लाकूड घ्या, झडप उघडी ठेवा. आणि घरातलं कुणी छाती धरून बसलं तर शेक देत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

उद्या मला न्यायला माणसं येतील. मला वितळवतील. कढई करा, फावडं करा, धुराडं लागेल असं मात्र काही करू नका. जमलं तर एरास्मोच्या दाराची कडी करा. मी घट्ट बसेन, धुराला आत येऊ देणार नाही.