वरून आलेलं नितळ पाणी

मी तलाव बोलतोय. पण आधी सांगा, तुमच्या हातात काय आहे? पिशवी असेल तर लांबच उभे राहा. माझा कुणावर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे.

मासे पाळायचे म्हणून मालकाने मला खणलं. पाण्याला हलकी हिरवी झाक आली तेव्हा तो खूश झाला. मासे पाळणाऱ्यांचं गणितच तसं, थोडं शेवाळं म्हणजे माशांची फुकटची न्याहारी.

पुढे झाक दाट झाली. मी बदकांवर संशय घेतला, कारण ती तोंडावरूनच लबाड दिसतात. काठावर कपडे धुणाऱ्या मालकिणीवरही घेतला. वरच्या उतारावर मालकाच्या थोरल्या बहिणीचे भाजीचे वाफे होते. पाऊस झाला की तिच्या चारीतून पाणी यायचं, पण ते नितळ. त्याच्यावर कोण संशय घेणार? गोड बोलून गळा कापणारे असेच असतात.

ताईचा हात खताला सढळ. आभाळ भरून आलं की ती घाईने खत फेकायची, पाऊस मुरवील म्हणून. पाऊस कसला मुरवतोय, तो ते माझ्याकडे आणून सोडायचा. भाजीच्या तोंडचा घास शेवाळ्याने पळवला. दुधावर साय धरावी तसा माझ्यावर थर धरला. त्याच्याखाली उजेड पोचेना, तिथलं शेवाळं मरून कुजू लागलं आणि त्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपत चालला.

एका पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

"बघ, कसे ओळखतात मला," मालक बायकोला कौतुकाने म्हणाला आणि त्याने घमेलंभर खाद्य टाकलं. अरे बाबा, ते श्वास मागत होते. तुला कसं सांगू, या विचाराने माझा जीव तुटत होता. ते खाद्यही तसंच कुजलं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते.

मालक माझ्याहून संशयी निघाला. शेजाऱ्याने विष कालवलं म्हणत तो भांडायला निघाला. ताईने त्याला अडवलं. तिची नजर चारीच्या तोंडाशी खिळली होती. हिरवं तिथेच सगळ्यात दाट होतं.

"त्याच्या दारात जाऊ नकोस," ती म्हणाली. "हे माझ्या वाफ्यातून आलंय."

मालक मागे वळला. मग खाली बसून मेलेले मासे काढू लागला. ताईही पदर खोचून त्याच्या शेजारी बसली.

आता वाहून येणारं खत अडवायला ताईने माझ्या वरच्या अंगाला गवताचा पट्टा राखलाय. खतही बेताने घालते म्हणे. मालकाने नवी पिल्लं सोडलीत, बोटाएवढी. मला मात्र म्हणे-बिणे चालत नाही.

आज आभाळ भरून आलंय. ताई खताची पिशवी घेऊन वाफ्यापर्यंत आली, वर बघितलं आणि परत घरात गेली. मी त्या दारावरून नजर काढलेली नाही. ताई, पिल्लं फार लहान आहेत. पाऊस सरेपर्यंत ते दार उघडू नकोस.