पालकाच्या रकान्यातला नंबर

मी एक जुना मोबाइल फोन आहे. चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नाही, आवाजही थोडा चिरकतो. तरी मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चार दिवस मी विसरू शकत नाही. ते तुम्हांला सांगतो.

चेन्नईजवळच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. मला कुंभकोणमला आणले सुंदररावांनी. त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. घरात तंजावरकडची जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. हळूहळू मला दोन्ही कळू लागल्या. पुढे त्यांनी नवा फोन घेतला आणि मी त्यांच्या दहावीतल्या मुलीकडे, शिवरंजनीकडे आलो. तिला सगळे रंजनी म्हणत. ती मला रोज ओढणीने पुसायची.

त्या वर्षी किशोरवयीन मुलांच्या आरोग्याची एक ऑनलाइन पाहणी निघाली. पालकांची संमती घ्यायची, प्रश्नावली फोनवर भरायची आणि मग आपल्या तीन मैत्रिणींना लिंक पाठवायची. सुंदररावांनी सगळे वाचून संमती दिली. रंजनीच्या मैत्रिणी हरिणी आणि वाणी यांनीही आपापल्या घरी विचारून प्रश्नावली भरली. तिसरी मात्र मिळेना. तिघी आणणाऱ्याला प्रमाणपत्र होते, आणि मुदत त्या शनिवारी संपत होती.

त्याच शनिवारी शिकवणी सुटल्यावर रंजनीने वर्गातल्या लावण्याला गाठले. लावण्या जवळच्या चोळपुरम गावाहून बसने यायची. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून दोघींनी माझ्यावरच लिंक उघडली.

"पालकांचा नंबर मागतात," रंजनी म्हणाली.

"अम्मा शंभर प्रश्न विचारील. तुझाच घाल ना!"

रंजनी थबकली. मग तिने लावण्याच्या आईचे नाव लिहिले, शिवकामी, आणि त्याखाली माझा नंबर. संमतीचा कोड माझ्यावरच आला. तोही तिनेच भरला.

पुढची उत्तरे मात्र लावण्याने अगदी खरी लिहिली. फार तहान लागते? हो. रात्री लघवीला उठावे लागते? चार-पाच वेळा. वजन? दोन महिन्यांत सहा किलो कमी. मधेच तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. तिची बोटे कोरडी, खरखरीत होती.

सोमवारी रंजनी शाळेत असताना मी टेबलावर तीनदा वाजलो. घरात कुणी नव्हते. मग संदेश आला: 'शिवकामी अम्मा, तुमच्या मुलीला आजच डॉक्टरांकडे न्या. मला लगेच फोन करा. डॉ. सुब्बलक्ष्मी, आरोग्य पाहणी.'

संध्याकाळी रंजनीने तो वाचला आणि तिचा चेहरा उतरला. खरे सांगावे तर खोटी संमती उघडी पडणार. "उद्या शाळेत लावण्याला सांगते," ती स्वतःशीच पुटपुटली. तेवढ्यात मी पुन्हा वाजलो. तिने माझा आवाज बंद केला. मी तिच्या मुठीत नुसता थरथरत राहिलो. मित्रांनो, माझ्यातून सगळ्यांचे आवाज जातात, पण मला स्वतःला ओरडता येत नाही.

मंगळवारी लावण्या शाळेत आलीच नाही. तिला पहाटेपासून उलट्या होत आहेत, असे तिच्या बसने येणाऱ्या मुलीने सांगितले. मधल्या सुट्टीत रंजनी धावत घरी आली आणि तिने डॉक्टरांचा नंबर लावला.

"शिवकामी अम्मा का?" पलीकडून सुब्बलक्ष्मींनी विचारले.

"नाही अक्का," रंजनी म्हणाली, "मी तिची मैत्रीण. अम्मांना काहीच ठाऊक नाही. नंबर मी खोटा घातला."

लगेच प्रश्न आला, "ती आत्ता कशी आहे?"

उलट्यांचे ऐकताच सुब्बलक्ष्मींचा आवाज बदलला. "एक मिनिटही घालवू नका. गोड काही देऊ नका, तिला कुंभकोणमच्या मोठ्या दवाखान्यात आणा. मी तिथल्या डॉक्टरांना कळवते."

जेवायला घरी आलेले सुंदरराव दारातच उभे होते. "काय जाहलें? मज सांग." रंजनीने रडत सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "रडूं नको. आधी तिकडे जाऊं," म्हणाले आणि त्यांनी स्कूटर काढली. डॉक्टरांचे बोलणे त्यांना सांगत, मला मुठीत धरून रंजनी मागे बसली.

चोळपुरमला लावण्या चटईवर पडली होती. श्वास जोरजोरात चालला होता. पोट बिघडले असे समजून शिवकामी तिला साखर घातलेले लिंबूपाणी पाजत होती. सुंदररावांनी तो पेला अडवला. शेजाऱ्याच्या गाडीतून सगळे दवाखान्यात पोचले. तिथल्या छोट्या यंत्रावर रक्तातल्या साखरेचा आकडाच येईना, नुसते 'हाय' असे उमटले, म्हणजे मोजता येणार नाही इतकी जास्त. लावण्याला मधुमेह झाला होता आणि कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून लावण्या सावरली. बाहेरच्या बाकावर शिवकामी रंजनीला हळूच म्हणाली, "माझं नाव लिहिलंत गं, आणि मलाच विचारलं नाहीत."

रंजनी आणि लावण्या, दोघींच्याही प्रश्नावल्या रद्द झाल्या. दवाखान्यात त्याची आठवणही कुणाला आली नाही.

रंजनीने मला लावण्याला देऊन टाकले; आता मी तिच्याकडेच असतो. इन्सुलिनच्या वेळा झाल्या की वाजतो.

मित्रांनो, चूक झाली तर भीती वाटतेच. पण घरातल्या मोठ्या माणसाला ती त्याच दिवशी सांगा, उद्यावर टाकू नका. आम्ही मंगळवारी दुपारी पोचलो, म्हणून लावण्या आज आहे. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता, असे डॉक्टर म्हणाले. ते ऐकताना रंजनीने आपल्या वडिलांचा हात घट्ट धरला होता.