तिसऱ्या मजल्यावरची वायर

सोमवारच्या बैठकीत मुख्य डॉक्टर नुरदिन कादिरोविच यांनी सायराकान आपाला सगळ्यांदेखत उभं केलं. आपा त्या प्रसूतिगृहातली सगळ्यात जुनी दाई. नारीन नदीकाठच्या त्या शहरातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली. तिच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरला पुन्हा व्हायरस लागला होता आणि बाळंतिणींना घरी सोडायचे कागद पुन्हा उडाले होते. खाली दारात बाळ-बाळंतिणीला न्यायला गाड्यांना रिबिनी बांधून, फुलं घेऊन नातेवाईक ताटकळले होते आणि आपा सकाळपासून हातानं दाखले लिहीत होती.

"तुमच्या पोरी पेनड्राइव्हवर गाणी घेऊन येतात," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी तुमच्यावर ठपक्याचा आदेश काढतोय."

"गाणी ऐकायला आम्हाला उसंत कुठंय, नुरदिन कादिरोविच," आपा म्हणाली आणि खाली बसली. तिचे कान लाल झाले होते.

मागच्या रांगेत बुरुल बसली होती. प्रसूतिगृहाचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारी ती एकटीच. आपाच्या वॉर्डातलं मशीन दर वेळी तिनंच साफ केलं होतं. साफ केलेलं मशीन परत परत बिघडतं म्हणजे रोग शेजारून येतोय, एवढं तिला कळत होतं. शेजारी कोण, तेवढं कळत नव्हतं.

वॉर्डातलं मशीन पुन्हा साफ करून, तळघरातल्या आपल्या खोलीत येऊन तिनं अँटिव्हायरसचा मुख्य पडदा उघडला. इमारतीतला प्रत्येक कॉम्प्युटर तिथं एका जागी दिसायचा. सगळ्यांपुढं हिरवी खूण होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की हे सगळे तिनंच अँटिव्हायरस चढवून इथं आणलेले. ज्याच्यावर अँटिव्हायरस चढवलाच नाही, तो इथं लालही दिसणार नव्हता. तो दिसणारच नव्हता.

तिनं शोध सुरू केला. आधी नावांनी. नवं कुणी सापडलं नाही. मग तिनं इमारतीच्या जाळ्यातले सगळे पत्ते दिले आणि एकेका पत्त्यावर थाप मारायला सांगितलं. दुपारपर्यंत काही नाही. जेवणाची वेळ टळल्यावर एका पत्त्यावरून ओ आली. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. ती बघेस्तोवर तो गप्पही झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो परत जागा झाला. या वेळी बुरुल तयारीत होती. सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्यातलं नेमकं कुठलं भोक त्या आकड्याचं आहे ते तिनं पाहून घेतलं आणि बॅटरी घेऊन त्या वायरीच्या मागं निघाली. जिन्याच्या कडेनं, धुलाईघराच्या वरून, तिसऱ्या मजल्यावर. वायर मुख्य डॉक्टरांच्या खोलीच्या भिंतीत शिरली होती. आणि त्यांचा सरकारी कॉम्प्युटर तर वेगळ्याच वायरवर होता.

तिनं दार वाजवलं.

"तुमच्या मागच्या विश्रांतीच्या खोलीत काही जोडलंय का?"

डॉक्टरांनी चहाची वाटी खाली ठेवली. "माझा लॅपटॉप आहे. मेव्हण्यानं दिलाय. जेवल्यावर घटकाभर पत्ते खेळतो, एखादा सिनेमा उतरवतो. तुमचं काय जातं त्यात?"

"माझं नाही, सायराकान आपाचं जातं. वॉर्डात रोग तिथूनच येतोय. मी त्याच्यावर अँटिव्हायरस बसवते."

"नाही बसवायचा. उद्या तू खाली बसून मी काय काय बघतो ते मोजशील." आता ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते.

"मग तो आपल्या वायरवर राहणार नाही."

"काढून तर बघ."

बुरुल खाली आली आणि तिनं वायर काढली.

फोन लगेच वाजला. "जोड."

"नाही जोडणार."

"हुकूम आहे माझा."

"लेखी द्या. रोग लागलेला कॉम्प्युटर प्रसूतिगृहाला जोडावा, असं लिहा आणि खाली सही करा. जोडते."

फोन आपटल्याचा आवाज आला. संध्याकाळच्या आत बुरुलच्याच नावानं ठपक्याचा कागद खाली आला. कामात आडमुठेपणा. तिनं तो वाचला, खाली 'वाचलं, मान्य नाही' असं लिहून सही केली आणि परत पाठवला.

शुक्रवारी डॉक्टरांनी बैठकीत आपाचा आदेश बाहेर काढला. वाचायला तोंड उघडतात तोच बुरुल उभी राहिली.

"वायर काढल्यापासून आपाच्या वॉर्डातलं मशीन ठणठणीत आहे. कुठली वायर, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

"खाली बस."

"बसणार नाही. आधी आदेशातून आपाचं नाव काढा. तो लॅपटॉप तुमच्या मागच्या खोलीत आहे, नुरदिन कादिरोविच. पेनड्राइव्हही नाही आणि गाणीही नाहीत."

मग मागून एक परिचारिका फिसकन हसली आणि तिनं ओढणी तोंडाला लावली. डॉक्टरांनी आदेश घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पुढचा विषय." पुढचा विषय गरम पाण्याच्या नळांचा होता.

बाहेर येताना आपानं बुरुलचा दंड धरला. "वेडी आहेस. तुझी नोकरी जाईल ना गं, पोरी."

"जाऊ दे की. मग तळघरात कोण बसतंय ते बघू."

नोकरी गेली नाही. ठपकाही कुणी मागं घेतला नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टर स्वतःच तळघरात उतरले, काखेत लॅपटॉप. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखेरीज काही दिसत नव्हतं. लॅपटॉपमधून एवढी घाण निघाली की साफ करता करता बुरुलचा चहा गार झाला.

शेवटी तिनं त्याच्यावर अँटिव्हायरस चढवला, तशी मुख्य पडद्यावर नवीन ओळ उमटली आणि नाव मागू लागली.

"'राखीव कॉम्प्युटर' असं लिहा," डॉक्टर म्हणाले. ते परत 'तुम्ही'वर आले होते.

बुरुलनं लिहिलं, 'मुख्य डॉक्टर, मागची खोली.'

"हे सगळ्यांना दिसतं?"

"मला दिसतं."

"बदला ते."

"नाही बदलणार," बुरुल म्हणाली आणि लॅपटॉप मिटून त्यांच्या हातात दिला.