हिलालचे पाच फेरे

मंजुळाबाईची धाकटी लेक पाचोऱ्याला दिली, ते साल १९८८. लग्नाचा मांडव उतरून महिना झाला नाही, तोच साक्रीपलीकडच्या त्यांच्या पाड्यात देवपूरहून कमलबाई आल्या. ईस्टरच्या सकाळी उपासनेत सगळ्या मंडळीनं नाचून देवाची स्तुती करायची, पाच वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हातारीपर्यंत, असं नव्या पाळकांनी ठरवलं होतं. ते शिकवायला बाई आल्या होत्या.

पाड्याला नाच नवा नव्हता, बंद होता. बाप्तिस्मा झाला त्या साली आधीच्या पाळकांनी सांगितलं होतं, नाच जुन्या देवांचा, तो सोडा. लोकांनी सोडला. ढोल वाजवणाऱ्या सुकदेवनं ढोल माळ्यावर टाकला. दुसऱ्याच वर्षी मंजुळाबाईचा थोरला, हिलाल, विहीर खणताना दरड कोसळून गेला. प्रार्थना झाली, गाणी झाली, माती दिली. फेरे तेवढे राहिले. त्या पाड्याची रीत अशी, की लग्नात हात धरून गोल फिरायचं ते डावीकडे, आणि मेलेल्यासाठी पाच फेरे घालायचे ते उजवीकडे. नऊ वर्षं झाली, मंजुळाबाईच्या मनातून ते पाच फेरे गेले नव्हते. बोलली मात्र कुणाजवळ नव्हती.

पहिल्या दिवशी चर्चच्या अंगणात कमलबाईंनी लहानथोर मिसळून गोल धरायला लावला आणि म्हणाल्या, "चला, उजवीकडे."

पोरं निघाली. म्हातारी माणसं जागची हलेनात. मंजुळाबाईची शेजारीण ताईबाई तर हात सोडून खालीच बसली.

"काय झालं आजी? पाय दुखले?"

"पायले काय धाड भरनी? हाऊ मरेलना फेरा शे, बाई. आम्हीन आजून जित्ता शेतस!"

हशा पिकला. कमलबाई शहरातल्या, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? ओशाळून म्हणाल्या, "चुकलंच माझं. डावीकडे फिरू, त्यात काय!"

"नको," मंजुळाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या असाच."

"येड लागनं का तुले?" ताईबाई म्हणाली.

"मना हिलालना पाच फेरा ऱ्हाई गयात."

हसणं थांबलं. सुकदेव इतक्या वर्षांनी काढलेल्या ढोलाची दोरी ताणत बसला होता. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "येशू बी तीन दिन मरेलच व्हता ना? तीन फेरा उजवीकडे घालूत. 'उठला' म्हनतस तठे पलटूत."

कमलबाईंनी ओट्यावरच्या पाळकांकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला आणि होकाराची मान हलवली.

"तीनच?" मंजुळाबाईनं विचारलं.

"तीनच, अक्का," सुकदेव म्हणाला. "उपासना शे, दहावा नही."

ईस्टरला ऊन चढायच्या आत गोल धरला गेला. मंजुळाबाईच्या एका हाताला ताईबाई होती, दुसऱ्या हाताला पहिलीतली एक पोर. ढोल मंद वाजत होता. तीन फेरे उजवीकडे झाले. मग पोरं "उठला!" म्हणून ओरडली, ढोल चढला आणि गोल पलटला.

मंजुळाबाईनं दोन्ही हात सोडले आणि ती गोलाबाहेर आली. ताईबाईनं पोरीचा हात धरून जागा भरली. मंजुळाबाई बाहेरून, सगळ्यांच्या उलट, एकटी चालू लागली. आत ढोल जोरात होता, तिचे पाय मघाच्याच मंद ठेक्यावर पडत होते. कमलबाई तिला आत बोलवायला निघाल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई," गोलातून ताईबाई ओरडली, "दोनच बाकी शेतस!"

चौथा झाला. पाचव्याला बराच वेळ लागला. तो संपला तशी मंजुळाबाई थांबली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. नाचता नाचताच ताईबाईनं हात बाहेर काढला, मंजुळाबाईनं तो धरला आणि ती डावीकडे निघाली. त्या सकाळी सगळ्यात शेवटी तीच थांबली.

तीन फेरे उजवीकडे घालायचे, ही रीत त्या मंडळीत नंतरही राहिली. कमलबाई चार वर्षं येत होत्या. मंजुळाबाई १२ फेब्रुवारी १९९६ ला, सोमवारी वारली. ताईबाई त्याच साली पावसाळ्यात गेली.